न्यायसहायक मानसशास्त्रातील व्यावसायिक नीतिमत्ता : तज्ज्ञाच्या अभिमताची मर्यादा

गोषवारा

न्यायप्रक्रियेत मानसशास्त्रज्ञाचा सहभाग वाढत असून त्याच्या अहवालाचा परिणाम व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर, प्रसंगी तिच्या जीवितावर होतो. प्रस्तुत लेखात न्यायसहायक मानसशास्त्राच्या व्यवहारातील भूमिका, संमती, वैज्ञानिक आधार, गोपनीयता व अहवाललेखन या पाच अंगांचे नीतिदृष्ट्या विवेचन केले आहे. भारतीय आणि अमेरिकन न्यायालयांतील निवडक निकालांच्या आधारे हे विवेचन केले असून, बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील प्राथमिक मूल्यांकनाचा विचार विशेषत्वाने केला आहे. उपलब्ध माहिती जेवढे पेलू शकते तेवढेच अभिमत देणे हे या व्यवसायाचे पहिले नैतिक कर्तव्य होय, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : न्यायसहायक मानसशास्त्र, माहितीपूर्ण संमती, तज्ज्ञ अभिमत, प्राथमिक मूल्यांकन, गोपनीयता.

१. प्रस्तावना

मानसशास्त्र आणि कायदा या दोन्ही ज्ञानशाखांचा विषय मानवी वर्तन हाच आहे. परंतु त्या वर्तनाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी भिन्न आहे. कायद्याला निर्णय हवा असतो. आरोपी दोषी आहे किंवा नाही, साक्षीदार विश्वसनीय आहे किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे न्यायालयाला ठरावीक मुदतीत द्यावी लागतात. मानसशास्त्र मात्र शक्यतेच्या भाषेत बोलते. त्याचे निष्कर्ष समूहाच्या अभ्यासातून निघालेले असतात आणि एका विशिष्ट व्यक्तीला ते लागू करताना अनिश्चितता शिल्लक राहतेच. न्यायालयाची निश्चिततेची अपेक्षा आणि शास्त्राची अनिश्चितता यांच्या दरम्यान जो तज्ज्ञ उभा असतो, त्याच्या नीतिमत्तेचा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो.

ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांनी १९०८ मध्ये साक्षीदाराच्या स्मृतीसंबंधीचे आपले लेख ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि न्यायालयांनी मानसशास्त्राची दखल घ्यावी, असा आग्रह धरला. अमेरिकेत १९६२ मध्ये जेन्किन्स खटल्यातील निकालाने मानसशास्त्रज्ञाला मानसिक विकाराविषयी तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा मार्ग मोकळा केला. भारतात भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ४५ अन्वये तज्ज्ञाचे अभिमत ग्राह्य धरले जात होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ ने घेतली आहे. तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते, हे तत्त्व कायम आहे. तथापि मनाविषयीचे ज्ञान सामान्य अनुभवाच्या पलीकडचे असल्याने त्या मताचा प्रभाव मोठा असतो. प्रभाव जेवढा मोठा, तेवढी जबाबदारीही मोठी, हे ओघानेच आले.

२. संज्ञा व व्याप्ती

महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ ही संज्ञा रूढ आहे. तिला अनुसरून प्रस्तुत लेखात ‘न्यायसहायक मानसशास्त्र’ ही संज्ञा वापरली आहे. ‘सहायक’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. मानसशास्त्रज्ञ न्याय करीत नाही, न्यायाला साहाय्य करतो.

या क्षेत्रात पुढील प्रकारची कामे येतात : आरोपी खटल्याला सामोरे जाण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम आहे काय, याची तपासणी, कृत्याच्या वेळी तो मनोविकल होता काय, याविषयीचे अभिमत (भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम २२, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४), कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्यासंबंधीचे मूल्यांकन, अत्याचारग्रस्त बालकाशी संवाद, विधिसंघर्षग्रस्त बालकाचे मूल्यांकन, आणि शिक्षा ठरविताना आरोपीच्या पार्श्वभूमीचा अभ्यास. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात मृत्युदंडाचा विचार करताना आरोपीच्या मानसिक मूल्यांकनाचा अहवाल मागविण्याविषयी निर्देश दिले. तत्पूर्वी २०१९ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, दोषसिद्धीनंतर उद्भवलेला गंभीर मानसिक आजार हा मृत्युदंड कमी करण्याचा आधार ठरू शकतो, असे त्याच न्यायालयाने मान्य केले. मानसशास्त्रज्ञाच्या कागदाचे वजन किती वाढले आहे, हे यावरून ध्यानी यावे.

३. अशील कोण? – भूमिकेचा प्रश्न

उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञापुढे अशिलाविषयी संदिग्धता नसते. जो मदतीसाठी येतो तो अशील आणि त्याचे हित हे उद्दिष्ट. न्यायसहायक कार्यात ही सरळ रेषा मोडते. समोर बसलेली व्यक्ती स्वेच्छेने आलेली नसते. तपासणीची मागणी न्यायालयाने, पोलिसांनी किंवा वकिलाने केलेली असते, आणि अहवाल त्या व्यक्तीच्या विरोधातही जाऊ शकतो.

या भेदामुळे एकाच मानसशास्त्रज्ञाने एकाच व्यक्तीचा उपचारक आणि न्यायालयीन परीक्षक या दोन्ही भूमिका करू नयेत, हे तत्त्व पुढे आले. स्टुअर्ट ग्रीनबर्ग आणि डॅनियल शुमन यांनी १९९७ मध्ये या दोन भूमिकांतील विसंगतीचे विश्लेषण केले. उपचारक अशिलाच्या कथनावर विश्वास ठेवून पुढे जातो. परीक्षकाला तेच कथन इतर पुराव्याशी ताडून पाहावे लागते. उपचारकाचे नाते सहानुभूतीचे असते. परीक्षकाला तटस्थता राखावी लागते. ज्याने वर्षभर एका मातेवर नैराश्याचे उपचार केले, त्यानेच मुलाचा ताबा कोणाकडे असावा याविषयी मत देणे योग्य ठरत नाही, कारण त्याने दुसऱ्या पालकाला तपासलेलेच नसते. उपचारासंबंधीची वस्तुस्थिती सांगणे आणि तज्ज्ञ म्हणून निष्कर्ष मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०११ मध्ये स्वीकारलेल्या न्यायसहायक मानसशास्त्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत भूमिकेची स्पष्टता, निःपक्षपातीपणा आणि खटल्याच्या निकालावर अवलंबून असणारे मानधन न स्वीकारणे यांवर भर दिला आहे. मानधनाचा मुद्दा किरकोळ वाटतो. परंतु मानधन निकालाशी बांधले गेले की मत विकत घेतले जाण्याची वाट खुली होते. तज्ज्ञाला कोणत्याही पक्षाने बोलावलेले असो, त्याची निष्ठा आपल्या निष्कर्षाच्या सत्यतेशी असावयास हवी.

४. संमती आणि हेतूची पूर्वसूचना

तपासणीस आरंभ करण्यापूर्वी ती कोणासाठी आहे, कशासाठी आहे, अहवाल कोणाच्या हाती जाणार आहे आणि सांगितलेल्या कोणत्या गोष्टी गुप्त राहणार नाहीत, हे व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगणे, ही न्यायसहायक व्यवहारातील पहिली पायरी होय. जेथे न्यायालयाच्या आदेशामुळे व्यक्तीला नकाराचा पूर्ण अधिकार नसतो, तेथेही हे सांगण्याचे बंधन कमी होत नाही, उलट वाढते.

याचे महत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ मधील एस्टेल विरुद्ध स्मिथ या निकालातून स्पष्ट होते. टेक्सासमधील एका आरोपीची खटल्याला सामोरे जाण्याची क्षमता तपासण्यासाठी न्यायालयाने मनोविकारतज्ज्ञ जेम्स ग्रिगसन यांना पाठविले. पुढे शिक्षेच्या टप्प्यावर त्याच मुलाखतीच्या आधारे, हा मनुष्य समाजाला कायम धोकादायक राहील, अशी साक्ष त्यांनी दिली आणि आरोपीला मृत्युदंड झाला. आपले बोलणे आपल्याविरुद्ध वापरले जाईल, हे आरोपीला सांगितले गेले नव्हते. त्याच्या वकिलालाही मुलाखतीची ही व्याप्ती कळविली गेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा टिकू दिली नाही. एका हेतूने घेतलेली मुलाखत दुसऱ्या हेतूसाठी वापरणे हा विश्वासभंग आहे, हा धडा या प्रकरणाने घालून दिला.

भारतात हाच प्रश्न नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग यांच्या निमित्ताने उभा राहिला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या चाचण्यांचा तपासकार्यात मोठ्या प्रमाणावर वापर झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये रामचंद्र रेड्डी प्रकरणात अशा चाचण्यांना हरकत घेतली नव्हती. मात्र ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्याही व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध या चाचण्या लादता येणार नाहीत, असा निर्णय दिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासूनचे संरक्षण आणि अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्य हे त्या निर्णयाचे आधार होते. संमतीने झालेल्या चाचणीचे निष्कर्षदेखील स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत. त्यातून पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली तरच तिचा कायद्यानुसार विचार होऊ शकतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये पॉलिग्राफसाठी घालून दिलेली पथ्ये, म्हणजे दंडाधिकाऱ्यासमोर संमती नोंदविणे, वकिलाशी सल्लामसलतीची संधी देणे इत्यादी, पाळण्याचे निर्देशही न्यायालयाने दिले. जून २०२५ मध्ये अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाला याच भूमिकेचा पुनरुच्चार करावा लागला. पंधरा वर्षांनंतरही तो करावा लागावा, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

सेल्वी निकालाने कायद्याचा प्रश्न सोडविला. नीतीचा प्रश्न काही अंशी शिल्लकच आहे. पोलीस कोठडीतील मनुष्याची संमती कितपत स्वेच्छेची असते? ‘निर्दोष आहेस तर चाचणीला भितोस कशाला?’ हे वाक्य संमती मिळविण्यासाठी पुरेसे असते. कागदावरील सही म्हणजे संमती नव्हे. चाचणीपूर्व मुलाखत घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला समोरच्या व्यक्तीचे भय दिसते. ते दिसूनही त्याची नोंद न करणे ही नीतीची चूक होय.

५. शास्त्राची मर्यादा ओलांडणारे अभिमत

न्यायसहायक व्यवहारातील सर्वांत गंभीर नीतिभंग लाचेतून घडतोच असे नाही. पुष्कळदा तो आत्मविश्वासातून घडतो. वर उल्लेखिलेले ग्रिगसन हे त्याचे ठळक उदाहरण होय. अनेक खटल्यांत आरोपीला प्रत्यक्ष न तपासता, केवळ काल्पनिक प्रश्नाच्या आधारे, तो भविष्यात हिंसा करीलच असे ते निश्चितपणे सांगत. १९८३ मधील बेअरफूट विरुद्ध एस्टेल या खटल्यात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने न्यायालयाला कळविले की, भावी हिंसेविषयीची अशी दीर्घकालीन भाकिते तीनपैकी किमान दोन वेळा चुकतात. न्यायालयाने तरीही अशी साक्ष ग्राह्य धरली आणि तिच्यातील उणिवा उलटतपासणीत उघड होतील, असे मानले. अखेर १९९५ मध्ये संघटनेने ग्रिगसन यांचे सदस्यत्व काढून घेतले. प्रत्यक्ष तपासणीविना निदान करणे आणि भाकिताविषयी शंभर टक्के खात्री देणे, हे त्यांच्यावरील आक्षेप होते. त्यांच्या साक्षीनंतर मृत्युदंड ठोठावला गेलेल्या एका कैद्याची दोषसिद्धी पुढे रद्द झाली आणि १९८९ मध्ये तो तुरुंगातून बाहेर आला. ज्याच्याविषयी तो पुन्हा खून करील असे ठामपणे सांगितले गेले होते, त्याने पहिला खून केल्याचेच सिद्ध राहिले नाही.

भारतातील या प्रकारचे उदाहरण पुण्याचे आहे. विषप्रयोगाने झालेल्या खुनाच्या एका खटल्यात सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये आरोपींना दोषी ठरविताना इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत्-स्पंदनांवर आधारित चाचणीचाही आधार घेतला. या चाचणीत व्यक्तीच्या डोक्यावर विद्युदग्रे लावून तिला घटनेसंबंधीची विधाने ऐकविली जातात. व्यक्तीने उत्तर द्यावयाचे नसते. मेंदूतील स्पंदनांवरून तिला त्या घटनेचा प्रत्यक्ष अनुभव आहे की केवळ ऐकीव माहिती आहे, हे ओळखता येते, असा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. ही पद्धत स्वतंत्र संशोधकांनी पडताळून पाहिलेली नव्हती. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००८ मध्येच या चाचणीच्या शास्त्रीय आधाराविषयी प्रतिकूल मत दिले होते.

येथे चूक न्यायालयाची की तज्ज्ञाची, हा प्रश्न विचारला जातो. न्यायाधीश हा मेंदूविज्ञानाचा अभ्यासक नसतो. चाचणीचा त्रुटिदर काय, ती कोणत्या लोकसंख्येवर पडताळली गेली, स्मृती आणि कल्पना यांत ती भेद करू शकते काय, हे सांगण्याचे काम तज्ज्ञाचे आहे. कोणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही, हा बचाव वकिलाला शोभेल, शास्त्रज्ञाला नाही.

६. प्राथमिक मूल्यांकन : नीतीची खरी कसोटी

वरील सर्व प्रश्न एकत्र येतात असे एक काम आज जिल्ह्याजिल्ह्यांतून चालू आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचार प्रकरणातील एक आरोपी अठरा वर्षांहून थोडाच लहान होता. त्यानंतर उसळलेल्या लोकक्षोभाच्या पार्श्वभूमीवर बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ संमत झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यातील कलम १५ नुसार, सोळा वर्षे पूर्ण केलेल्या बालकावर निर्घृण अपराधाचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा, आरोप असेल तर बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करावयाचे असते. असा अपराध करण्याची बालकाची मानसिक व शारीरिक क्षमता, त्याचे परिणाम समजण्याची क्षमता आणि तो ज्या परिस्थितीत घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती, हे या मूल्यांकनाचे विषय होत. यासाठी मंडळाला अनुभवी मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ते किंवा इतर तज्ज्ञांचे साहाय्य घेता येते. मूल्यांकनानंतर प्रकरण बालकांच्या न्यायालयाकडे गेल्यास त्या बालकावर प्रौढाप्रमाणे खटला चालविला जाण्याची शक्यता निर्माण होते.

गुरुग्राम येथील एका शाळेत २०१७ मध्ये झालेल्या बालकाच्या हत्येच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी या तरतुदीचा सविस्तर विचार केला. मंडळात बालमानसशास्त्र वा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक मानले जावे, असे न्यायालयाने सांगितले. अपराध करण्याची क्षमता आणि त्याचे परिणाम समजण्याची क्षमता या दोन गोष्टी भिन्न असल्याचेही स्पष्ट केले. त्यानंतर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये प्राथमिक मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

या कामात मानसशास्त्रज्ञापुढे तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण काळाची आहे. तपासणी आज होते. प्रश्न मात्र घटनेच्या दिवसाचा असतो. मधल्या काळात बालक अटक, निरीक्षणगृह, पालकांचे रडणे आणि प्रसिद्धिमाध्यमांचा गदारोळ यांतून गेलेले असते. आज त्याला परिणाम समजतात, यावरून त्या दिवशी ते समजत होते, असे अनुमान काढता येत नाही. किशोरवयीन विकासाचे संशोधक लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या संशोधनानुसार, शांत परिस्थितीत तर्काने विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढांच्या जवळपास पोहोचते. परंतु भावनेच्या भरात, मित्रांच्या संगतीत स्वतःला आवरण्याची क्षमता त्यानंतरही अनेक वर्षे विकसित होत राहते. चाचणीच्या खोलीत मोजली जाते ती पहिली क्षमता. गुन्ह्याच्या प्रसंगी पणाला लागते ती दुसरी.

दुसरी अडचण साधनांची आहे. बुद्धिमापनासाठी भारतात आजही बिने-कामत चाचणी वापरली जाते. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी प्रमाणित केली, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु तिचे मानदंड आता अनेक दशकांपूर्वीचे आहेत. मानदंड जुने झाले की गुणांक प्रत्यक्षाहून अधिक भरण्याची प्रवृत्ती असते, हे जेम्स फ्लिन यांच्या संशोधनापासून सर्वपरिचित आहे. याचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. बौद्धिक दुर्बलता असलेला मुलगा जुन्या मानदंडावर ‘सामान्य’ ठरू शकतो आणि त्या एका शब्दामुळे प्रौढांच्या खटल्याकडे ढकलला जाऊ शकतो. भाषेचा प्रश्न यात भर घालतो. नंदुरबारमधील पावरी, मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील माडिया बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील शब्दसंग्रहाची चाचणी दिली, तर मोजली जाते ती शाळेतील हजेरी, बुद्धी नव्हे. शिवाय बुद्ध्यंक कितीही असला तरी त्यावरून नैतिक परिपक्वता ठरत नाही.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे. मूल्यांकनाच्या वेळी बालकावरील आरोप सिद्ध झालेला नसतो. अधिनियमाच्या कलम ३ मध्ये बालकाच्या निरपराधित्वाचे गृहीतक तर पहिल्याच तत्त्वात नमूद आहे. अशा स्थितीत ‘तू हे का केलेस?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे आरोप गृहीत धरणे होय. विश्वासाने बोलते झालेले मूल कबुलीही देऊन बसते, आणि ती कबुली अहवालातून मंडळासमोर व पुढे न्यायालयासमोर पोहोचते. पोलिसांसमोरच्या कबुलीला कायदा पुरावा मानत नाही. मानसशास्त्रज्ञाच्या खोलीतील कबुली मात्र मागच्या दाराने आत येते. म्हणून मूल्यांकन बालकाच्या विकासाचा इतिहास, शिक्षण, कुटुंब, व्यसन, मानसिक आजार आणि सर्वसाधारण निर्णयक्षमता यांवर केंद्रित ठेवणे आणि घटनेविषयीचे कथन अहवालाचा पाया न बनविणे, हाच नीतीला धरून असलेला मार्ग होय.

७. गोपनीयतेच्या सीमा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. इतरांना संभवणारी हानी टाळणे, न्यायालयाचा आदेश इत्यादी त्याचे अपवादही सांगितले आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. न कळविल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात सतरा वर्षांची विद्यार्थिनी आपल्यावरील अत्याचार सांगते आणि ‘कोणाला सांगू नका’ अशी विनवणी करते, तेव्हा हा कायदेशीर पेच प्रत्यक्षात उभा राहतो. यावर उपाय एकच : गोपनीयतेच्या मर्यादा संवादाच्या आरंभीच सांगणे. आधी गुप्ततेचे वचन देऊन नंतर ते मोडणे हे ज्या व्यक्तीचा विश्वास आधीच एकदा मोडला गेला आहे तिच्यावर दुसरा आघात करणे होय.

न्यायालयीन अहवालातही गोपनीयतेचे भान लागते. विचारलेल्या प्रश्नाशी संबंध नसलेली माहिती, उदाहरणार्थ आईचा आजार, बहिणीचा मोडलेला विवाह किंवा कुटुंबातील जुनी भांडणे, अहवालात घालण्याचे कारण नसते. अहवाल अनेक हातांतून जातो, आणि एकदा लिहिलेले मागे घेता येत नाही.

८. अहवालाची भाषा

नीतिमत्ता अखेर वाक्याच्या रचनेत उतरते. प्राथमिक मूल्यांकनाच्या अहवालात ‘बालकास आपल्या कृत्याच्या परिणामांची पूर्ण जाणीव होती’ असे एक वाक्य लिहिता येते. त्याऐवजी असेही लिहिता येते : ‘तपासणीच्या दिवशी, शांत वातावरणात, बालक दैनंदिन प्रसंगांतील तात्कालिक परिणाम सांगू शकले. दूरगामी परिणामांविषयीची त्याची उत्तरे त्रोटक होती. वापरलेल्या चाचणीचे मानदंड जुने असून बालकाची मातृभाषा वेगळी आहे. घटनेच्या दिवशीच्या त्याच्या मनःस्थितीविषयी या तपासणीवरून निश्चित मत देता येत नाही.’ पहिले वाक्य मंडळाला सोयीचे आहे. ते कोणत्याही आदेशात जसेच्या तसे उतरविता येते. दुसरे लेखन गैरसोयीचे आहे. परंतु सत्य आहे. पहिल्या वाक्यात आरोपही सिद्ध धरला आहे आणि भूतकाळातील मनही वाचले आहे. यांपैकी एकही गोष्ट मानसशास्त्राच्या अधिकारातील नाही.

चांगल्या अहवालात पुढील बाबी असाव्यात : तपासणीची मागणी कोणी केली व प्रश्न कोणता होता, व्यक्तीला काय समजावून सांगितले, किती भेटी, किती वेळ व कोणत्या भाषेत झाल्या, दुभाषी होता काय, कोणती साधने वापरली व त्यांच्या मर्यादा काय, कोणती कागदपत्रे पाहिली आणि कोणती मिळाली नाहीत, निरीक्षण व अनुमान यांची वेगवेगळी नोंद, आणि पर्यायी स्पष्टीकरणांचा विचार. अंतिम कायदेशीर प्रश्नाचे उत्तर, म्हणजे हा दोषी आहे, हा प्रौढ मानावा इत्यादी, न्यायालयासाठी सोडणे इष्ट. मूळ नोंदी व गुणपत्रके जपून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे, कारण उलटतपासणीत त्यांची मागणी होऊ शकते, आणि ती होणे हा आरोपीचा न्याय्य हक्क आहे.

९. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने

हा विषय केवळ प्रयोगशाळांतील तज्ज्ञांचा नाही. मोठ्या शहरांबाहेर प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सहज उपलब्ध होत नाहीत. अशा ठिकाणी बाल न्याय मंडळ, बालकल्याण समिती किंवा कौटुंबिक न्यायालय यांची दृष्टी साहजिकच जवळच्या महाविद्यालयातील मानसशास्त्र विभागाकडे वळते. पाचारण सन्मानाचे असते. परंतु आपली पात्रता त्या विशिष्ट कामाची आहे काय, हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. सामाजिक मानसशास्त्राचे अध्यापन उत्तम करणारी व्यक्ती बालकाच्या मूल्यांकनास पात्र असेलच असे नाही. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. ज्या कामासाठी अशी अर्हता आवश्यक आहे, ते काम नम्रपणे नाकारणे हीदेखील न्यायाला केलेली मदतच होय.

अध्यापनातही बदल हवा. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी चाचणी देणे, गुण मोजणे आणि तक्त्यावरून अर्थ लावणे शिकतात. चाचणी कोणावर प्रमाणित झाली, कधी झाली आणि तिच्यावरून काय सांगता येत नाही, हे प्रश्न प्रात्यक्षिक वहीत क्वचितच येतात. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या अखेरीस ‘या निष्कर्षाच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद सक्तीचा केला, तर त्यासाठी ना निधी लागतो ना परवानगी. विधी व मानसशास्त्र विभागांनी मिळून एखाद्या निकालपत्राचे वाचन केले, अभिरूप न्यायालयात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे करून विधीच्या विद्यार्थ्याने त्याची उलटतपासणी घेतली, तर नीतिशास्त्राचा जो पाठ व्याख्यानातून पोहोचत नाही तो पोहोचेल. ‘मला हे निश्चित सांगता येणार नाही’ हे वाक्य भर न्यायालयात उच्चारण्याचे धैर्य सरावानेच येते.

१०. समारोप

न्यायसहायक मानसशास्त्राची नीतिमत्ता ही नियमांच्या यादीत संपत नाही. भूमिका स्पष्ट ठेवणे, हेतू आधी सांगणे, साधनांची पारख करणे, गोपनीयतेच्या मर्यादा न लपविणे आणि अहवाल मोजक्या शब्दांत लिहिणे, ही सर्व पथ्ये एकाच तत्त्वाची रूपे आहेत : आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे स्पष्ट सांगणे. टेक्सासमधील साक्ष असो, पुण्यातील चाचणी असो किंवा एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी सोळा वर्षांच्या मुलाविषयी लिहिला जाणारा अहवाल असो, अन्यायाची सुरुवात बहुधा एका जास्तीच्या वाक्याने होते. न्यायालये आपल्या निकालांतून कायद्याची चौकट आखून देऊ शकतात. परंतु ते जास्तीचे वाक्य लिहावयाचे की नाही, याचा निर्णय लेखणी हाती असलेल्या मानसशास्त्रज्ञालाच घ्यावा लागतो. तो निर्णय घेण्याची सवय विद्यार्थिदशेत लागावी, यासाठी महाविद्यालयाच्या वर्गखोलीहून अधिक योग्य जागा दुसरी नाही.